फोटो तिकडे, माणूस इकडे

यवतमाळचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. जिल्ह्यात कधी पाऊल टाकलं नसलं तरी पाहिलेला आहे. पोपडे आलेली भिंत, भिंतीला टेकून भुईवर बसलेली बाई, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली नवऱ्याची तसबीर. कधी शेजारी गणवेशातलं पोर असतं, कधी मागच्या खोलीत अर्धवट रचलेली कापसाची गंजी दिसते. हा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर येतो, महानगरातल्या गॅलरीत पिवळ्या दिव्याखाली लागतो, परदेशी महोत्सवात जाऊन येतो. ज्या बाईचा तो आहे, तिला तो दाखवायला सहसा कोणी परत येत नाही.

माझं भांडण फोटोशी नाही. तो काढायलाच हवा होता. विदर्भातल्या आत्महत्यांची दखल दिल्लीला घ्यावी लागली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यामागे वार्ताहरांच्या पायपिटीइतकाच कॅमेऱ्यांचाही वाटा होता. भांडण आहे ते फोटो काढून झाल्यानंतर त्याचं काय होतं, याच्याशी.

त्या फोटोकडे पुन्हा एकदा बघा. त्यात दोन फोटोग्राफर आहेत. एक बाहेरून आलेला. त्याचं नाव चौकटीखाली छापलेलं असतं. दुसरा म्हणजे बाईच्या हातातली तसबीर ज्याने बनवली तो. पांढरकवड्याच्या, घाटंजीच्या, आर्णीच्या, दारव्ह्याच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या आठ-बाय-दहाच्या खोलीत त्याचा स्टुडिओ असतो. त्याचं नाव कुठल्याही प्रदर्शनात येत नाही. पण या जिल्ह्याचे चेहरे खरे त्यानेच टिपले आहेत.

आणि तसबिरीतला तो फोटो मरणासाठी काढलेला नसतो. बऱ्याच वेळा तो पीककर्जासाठी काढलेला असतो. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासपोर्ट साइजचे फोटो, असा बँकेचा संच असतो. शेतकरी तालुक्याला येतो, केसांना पाणी लावतो, शर्टाचं वरचं बटण लावतो, स्टुलावर बसतो, आणि फोटोवाला म्हणतो, ‘भाऊ, मान जराशी वर घ्या.’ तोच फोटो पुढे एक दिवस त्याचा भाऊ किंवा मेव्हणा खिशातून काढून काउंटरवर ठेवतो आणि मोठा करून मागतो. फोटोवाला कॉम्प्युटरवर मागचा पडदा आकाशी करतो, उसवलेल्या कॉलरच्या जागी कोट चढवतो, गळ्यात हार घालतो, तळाशी दोन तारखा टाकतो. आयुष्यात ज्याने कधी कोट घातला नाही, तो भिंतीवर कोटात बसतो. घरच्यांना तो तसाच हवा असतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

कर्जाच्या अर्जावर चिकटवलेला चेहरा तसबिरीत जातो. मग तोच चेहरा जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढच्या फाइलीत जातो, जिथे मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. या एका पासपोर्ट फोटोचा स्टुडिओपासून बँकेपर्यंत, बँकेपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून कलेक्टर कचेरीपर्यंतचा प्रवास मांडणारं प्रदर्शन कोणी भरवलं, तर वऱ्हाडच्या शेतीवरचं त्याच्याइतकं खरं प्रदर्शन दुसरं होणार नाही. त्याला एकही नवा फोटो काढावा लागणार नाही. सगळे फोटो निघालेले आहेत. फक्त घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन ते एकत्र आणायचे आहेत.

पण एकत्र कुठे आणणार?

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा. सिंदखेडराजाला सरकारी संग्रहालय आहे. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात उतरलं की माहूरला आहे. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या या साखळीत यवतमाळ येत नाही. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री या जिल्ह्याने राज्याला दिले. पहिले तर १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं खुर्चीवर होते. एवढ्या काळात धरणं आली, कृषी विद्यापीठं आली, रोजगार हमी आली. जिल्ह्याने स्वतःचा चेहरा बघावा अशी एक भिंत मात्र आली नाही. चौकाचौकांत पुतळे आहेत. पुतळा मोठ्या माणसाचा असतो. लहान माणसाचा फोटोच असतो, आणि तो ठेवायला जागा नाही.

बाहेरच्यांना मात्र आमच्या चेहऱ्यांची गोडी फार जुनी. इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात छापले, त्यात ४६८ छायाचित्रं होती. माणसं कशी होती? जातीचा, जमातीचा नमुना म्हणून उभी केलेली. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले, त्यातही तसंच: चित्राखाली जमात लिहिली, माणसाचं नाव नाही. १९४०च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामी आदिलाबादेत, गोंड आणि कोलामांमध्ये राहिला. त्याने जिव्हाळ्याने काम केलं, तिथल्या लोकांच्या जमिनीसाठी निजामाच्या दरबारात रदबदली केली, हे नोंदवलंच पाहिजे. त्याचे फोटो आज लंडनला ‘सोआस’ या संस्थेच्या संग्रहात नीट जपलेले आहेत. नदीच्या अलीकडे, आमच्या केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत, त्याच कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, सोयरीक नदीपलीकडची आहे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला आपल्या आज्याचा चेहरा बघायचा झाला, तर तो लंडनच्या कपाटात असण्याची शक्यता जास्त, आणि यवतमाळच्या कुठल्याही कपाटात असण्याची शक्यता शून्य.

आपण इंग्रजांना नावं ठेवतो. ठेवावीत. पण आज आपण काय वेगळं करतो? ‘कापूस वेचणारी महिला, यवतमाळ.’ ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी.’ ‘आदिवासी युवती.’ कॅमेरा डिजिटल झाला, ओळ १८६८ सालचीच राहिली.

माणसाला नाव नाही, पण वाघाचं बघा. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीला जगाने अवनी म्हणून ओळखलं. तिला शोधायला रानभर कॅमेरे लावले होते. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली, आणि तिचा फोटो दुसऱ्या दिवशी देशभर होता. तिच्यासाठी शहरांत माणसं रस्त्यावर उतरली. उतरू देत, ते मरण ज्या पद्धतीने झालं त्यावर प्रश्न विचारायलाच हवे होते. पण तिच्यावर ज्या १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, त्यांच्यातल्या एकाचा तरी चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येतो का? जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तीन हजार किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. त्याच्या प्रत्येक मुक्कामाची नोंद आहे. जिनिंग बंद पडल्यावर, पीक बुडाल्यावर याच तालुक्यांतून पोट घेऊन पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला गेलेल्या माणसांच्या मुक्कामाची नोंद कोणी ठेवलेली नाही. वाघाचे फोटो जरूर लावा. टिपेश्वर आमचा अभिमान आहे. पण जिल्ह्यात छायाचित्रांचं प्रदर्शन म्हटलं की वाघ, पक्षी, सूर्यास्त आणि धुक्यातली टेकडी एवढंच येत असेल, तर फोटोग्राफरांनी कॅमेरा दुसऱ्या बाजूलाही वळवावा.

दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन येतो. १८३९ साली याच तारखेला फ्रेंच सरकारने डागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया जगाला खुली केली. त्या दिवशी गावोगावचे फोटोग्राफर एकत्र येतात, कॅमेऱ्याची पूजा करतात, सत्कार होतात, कुठे चार-दोन चौकटी मांडल्या जातात. यंदा यवतमाळकरांनी चार-दोन चौकटींवर थांबू नये. जुन्या स्टुडिओंची कपाटं उघडावीत.

आणि हे लवकर करावं. कारण निगेटिव्हची वाट लागते आहे. ब्लॅक-अँड-व्हाइटचे रोल, काचेचे आणि फिल्मचे तुकडे, त्यांची बटर पेपरची पाकिटं, पाकिटावर बॉलपेनने लिहिलेलं गावाचं नाव आणि नंबर, हे सगळं चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडलेलं असतं. पावसाळ्यात ओल लागली की फिल्म एकमेकीला चिकटते. वाळवी पाकिटं खाते. डिजिटल आल्यावर अनेक दुकानं बंद पडली, मुलांनी मोबाइल दुरुस्ती सुरू केली, माळा रिकामा करायचा म्हणून पोती भंगारात गेली. भंगारवाला ती आनंदाने घेतो, कारण फिल्मवर चांदी असते. आपल्या आईबापांचे लग्नाचे चेहरे त्या चांदीसाठी किलोच्या भावाने विकले गेले आहेत.

निगेटिव्ह वाचल्या तर काय होतं, तेही बघा. मध्य प्रदेशातलं नागदा हे काही मोठं कलेचं केंद्र नाही. कारखान्यांचं गाव, आपल्या वणीसारखं. तिथल्या ‘सुहाग स्टुडिओ’च्या सुरेश पंजाबी यांनी वर्षानुवर्षं गावकऱ्यांचे फोटो काढले: नव्या घड्याळासह, फोनचा रिसीव्हर कानाला लावून, मित्राच्या खांद्यावर हात टाकून, उसन्या गॉगलमध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले क्रिस्टोफर पिनी नागद्याला अनेक वर्षं येत होते. त्यांनी त्या निगेटिव्ह पाहिल्या आणि २०१३ साली त्यांचं एक देखणं पुस्तक झालं. गावच्या स्टुडिओतला माणूस कलावंत ठरला. त्याचे फोटो त्याआधीही तेवढेच चांगले होते. बघणारा नंतर आला.

यवतमाळला बघणारा लंडनहूनच यायला हवा काय? अमोलकचंद महाविद्यालय आहे, इतिहासाचे विभाग आहेत, प्रत्येक तालुक्याला एक तरी कॉलेज आहे. शंभर पोरांना सुट्टीत आपापल्या गावच्या स्टुडिओवाल्याकडे पाठवा. फोनने निगेटिव्ह स्कॅन करता येते. मागे एक पांढरा उजेड लागतो, बस. पाकिटावरचं गाव बघून त्या गावी जा, म्हाताऱ्यांना दाखवा, नावं लिहून घ्या. नाव मिळालं की मगच भिंतीवर लावा.

या जिल्ह्याची किती कामं त्या कपाटांत सापडतील! मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला. १९०३ साली सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या वाटेला लावण्यासाठी आली. तिचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं, ते १९९४ पर्यंत वाफेवर धावलं. रेल्वेचे शौकीन जगभरातून येऊन इंजिनाचे फोटो काढून गेले. डब्यात बसलेल्या माणसांचे कोणी काढले? दारव्ह्याच्या स्टेशनावर शेंगा विकणाऱ्या बाईचा? तो असलाच तर एखाद्या गावच्या फोटोवाल्याकडे असेल. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात गाठी रचणारे हमाल, कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रापुढे तीन-तीन दिवस लागलेली बैलगाड्यांची रांग, बंजारा तांड्यावरची तीज, सत्यशोधकी लग्नं, दीक्षाभूमीला निघालेला ट्रक, वणीच्या कोळसा खाणीतली पहिली पाळी. जिल्हा म्हणजे केवळ मरण नाही. मरणाचाच फोटो बाहेर गेला, म्हणून बाहेरच्यांना तसं वाटतं. आता आमच्या पोरांनाही तसंच वाटायला लागलं आहे, याचा मला जास्त राग येतो. ‘कुठला रे तू?’ असं पुण्यात विचारल्यावर यवतमाळ सांगायला कचरणारी पोरं मी पाहिली आहेत.

प्रदर्शन कसं न्यायचं, हेही कोणी शिकवायला नको. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून कष्टकरी बायांचे फोटो काढले. वीटभट्टी, खाण, भाताची खाचरं, डोक्यावरचे भारे. त्या प्रदर्शनाचं नाव ‘दिसतं काम, दिसत नाहीत बाया’ अशा अर्थाचं आहे. ते गॅलरीत अडकवून ठेवलं नाही. बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, कारखान्यांची फाटकं, शेतमजुरांचे मेळावे, कॉलेजं, जिथे माणसं आहेत तिथे ते गेलं. देशात सात लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिलं. एवढे प्रेक्षक कुठल्या गॅलरीच्या नशिबी येतात? अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं गटारातलं जगणं दाखवलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वऱ्हाडच्या मातीत नजर आहे. तिला घरी जागा नाही, एवढंच.

आणि बाई फोटोतून बाहेर येऊन बोलू शकते, हे याच गावाने दाखवलं आहे. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनाला शेवटी वैशाली येडे उभ्या राहिल्या. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवरा गमावलेल्या शेतकरीण. त्या आधीच ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापेंनी बसवलेल्या त्या नाटकात अशाच बाया स्वतः रंगमंचावर येतात. त्या दिवशी मंडपात काही बाया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या होत्या. ज्यांना येऊ दिलं नाही, त्यांचा फोटो येऊन बसला. फोटो काय करू शकतो, हे यवतमाळला नव्याने सांगायची गरज नाही.

पण त्यासाठी फोटो योग्य जागी लागावा लागतो. २०१७च्या पावसाळ्यातले फोटो आठवा. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, उघड्या अंगाने पाठीवर पंप घेऊन फवारणारे मजूर, आणि नंतर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेले तेच मजूर. कीटकनाशकाच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. ते फोटो वर्तमानपत्रांत आले आणि रद्दीत गेले. त्यांची खरी जागा कृषी सेवा केंद्राचा काउंटर आहे, जिथे औषधाची बाटली विकली जाते. तिथे कंपन्यांची हिरवीगार पोस्टर लागतात, हसरा शेतकरी आणि टपोरं बोंड. त्याच्याच शेजारी हा फोटो लावा. दुकानदार नको म्हणेल. कृषी खात्याने परवान्याच्या अटीत घालावं.

जिल्हा नियोजन समितीपुढे दरवर्षी कमानी, सुशोभीकरण, कारंजी यांचे प्रस्ताव येतात. एका प्रस्तावाची मागणी माझी: यवतमाळला जिल्हा छायाचित्र संग्रहालय. नवी इमारत नको, तिचं भूमिपूजन आणि रखडणं दोन्ही आपण पुष्कळ पाहिलं. एखादी जुनी सरकारी वास्तू, कोरड्या भिंती, निगेटिव्ह ठेवायला ओल न येणारी एक खोली, एक स्कॅनर, आणि मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी जाणणारी दोन पगारी माणसं. तालुक्याच्या फोटोवाल्यांना त्यांच्या निगेटिव्हचे पैसे द्यावेत आणि चौकटीखाली त्यांचं नाव लिहावं, ज्याचा फोटो आहे त्याच्या नावाशेजारी. बाहेरून येऊन जिल्ह्यात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला एक नियम असावा: एक प्रत संग्रहालयाला, एक प्रत त्या घरी. अनेक बाया कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, ‘आमाले कवा दाखवान?’ त्यांना उत्तर मिळालं पाहिजे.

वेळेचंही आताच ठरवून टाका. प्रदर्शन अकरा ते पाच ठेवलंत, तर ते फक्त साहेबलोक आणि शाळेच्या सहली बघतील. वेचणीच्या दिवसांत बाई अंधारात डबा भरून निघते आणि दिवेलागणीला परत येते. तिची मजुरी किलोवर असते, ती दुपार सोडून तसबिरी बघायला येणार नाही. बाजाराच्या दिवशी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवा, परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ बघून. तिकीट लावू नका. चपला बाहेर काढायला लावू नका. आणि तिने आपल्या नवऱ्याच्या फोटोवर हात फिरवला, तर सुरक्षा रक्षकाने तिला हटकायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.